नखाखालचा काळा डाग

जमैका म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना क्रिकेट आठवतं. १९७१ साली किंग्स्टनच्या मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या होत्या, ती हकीकत काही घरांत अजून रंगवून सांगितली जाते. तरुण पोरांना विचाराल तर ती टी-शर्टकडे बोट दाखवतील. आठवडी बाजारात टांगलेला तो टी-शर्ट तुम्हीही पाहिला असेल. लाल, पिवळा, हिरवा रंग आणि मधोमध लांब जटा सोडलेल्या एका हसऱ्या माणसाचं चित्र. घालणाऱ्या निम्म्या मुलांना हा कोण ते ठाऊक नसतं. तो बॉब मार्ली. रेगे नावाचं संगीत ज्याने जगभर नेलं तो जमैकाचा गायक.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या पानावर हा कशाला? सांगते. हा माणूस वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला, आणि त्याच्या दुखण्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. फुटबॉल खेळताना लागलेला मुका मार, एवढंच ते समजलं गेलं. असे काळे डाग आपल्या पायांवरही असतात. चेहऱ्यावरचा डाग आपण आरशात दहादा बघतो, पायाकडे मात्र कोण बघतं? म्हणून ही गोष्ट.

बॉबचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ चा. गाव नाइन माइल, जमैकाच्या डोंगराळ भागातलं खेडं. आई सेडेला अठरा वर्षांची काळी मुलगी. वडील नॉर्व्हल मार्ली गोरे, वयाने साठीच्या आसपासचे. लग्न झालं खरं, पण लगेचच नवरा शहराकडे निघून गेला तो गेलाच. मुलाला त्याने मोजक्याच वेळा पाहिलं असेल. १९५५ मध्ये तो वारलासुद्धा. बॉब ना धड काळा, ना धड गोरा, म्हणून बरोबरीची पोरं चिडवायची. रंगावरून मुलांना बोलणं हे आपल्याकडेच आहे असं नाही.

सेडेला पोराला घेऊन राजधानी किंग्स्टनला आली, ट्रेंचटाउन नावाच्या गरीब वस्तीत. सरकारने बांधलेली चाळवजा घरं, मधे सामायिक अंगण. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या बाईला ती वस्ती डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. मुलाने हाताला काहीतरी कसब लावून घ्यावं म्हणून त्याला वेल्डिंगच्या कामाला घातलं. एकदा डोळ्यात लोखंडाचा कण गेला, आणि मग त्याने ते काम सोडून गाण्याचाच नाद धरला. बनी आणि पीटर हे दोन मित्र मिळाले. १९६३ मध्ये या पोरांनी ‘वेलर्स’ नावाचा गट काढला.

फेब्रुवारी १९६६ मध्ये त्याने रिटा अँडरसनशी लग्न केलं. रिटाला आधीची एक तान्ही मुलगी होती, तिला बॉबने आपलं नाव दिलं. लग्न झालं आणि काही दिवसांतच तो पैसे जमवायला अमेरिकेत आईकडे गेला. सेडेला तोवर तिकडे स्थायिक झाली होती. तिथे त्याने मोटारीच्या कारखान्यातही काम केलं. नवरा म्हणून मी त्याला फारसे गुण देणार नाही. त्याने मान्य केलेली मुलं अकरा, आणि त्यांतल्या कितीतरींच्या आया वेगवेगळ्या. रिटाने ते सोसलं, त्याच्या मागे उभी राहून गातही राहिली.

याच काळात बॉब रास्ताफारी पंथाकडे वळला. इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांना देव मानणारा हा पंथ. केसांना कात्री लावायची नाही, देह निसर्गाने दिला तसा अखंड ठेवायचा, अशी त्यांची श्रद्धा. गांजाही त्यांच्या उपासनेत आहे, आणि गंमत म्हणजे तो शब्द तिकडे आपल्याकडूनच गेला. १८४५ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर उसाच्या मळ्यांत कामाला जमैकात नेले गेले, त्यांच्यासोबत. देह अखंड ठेवायचा, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९७३ नंतर बॉबचं नाव झपाट्याने जगभर झालं. लंडनमध्ये, अमेरिकेत त्याच्या कार्यक्रमांना गर्दी लोटू लागली. पैसा आला तरी ट्रेंचटाउन सुटलं नाही. त्याच्या ‘नो वुमन नो क्राय’ या प्रसिद्ध गाण्याचं श्रेय कागदोपत्री व्हिन्सेंट फोर्ड या मित्राच्या नावे आहे. हा मित्र वस्तीतल्या भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर चालवायचा. गाण्याच्या मानधनावर ते चालावं म्हणून बॉबने असं केलं, असं सांगतात.

जमैकात तेव्हा दोन राजकीय पक्षांचं वैर रस्त्यावर आलं होतं. ३ डिसेंबर १९७६ ला रात्री बॉबच्या घरात घुसून गोळीबार झाला. रिटाच्या डोक्याला गोळी लागली, बॉबच्या छातीला आणि दंडाला जखम झाली. दोघंही वाचले. दोनच दिवसांनी तो ठरलेल्या कार्यक्रमात गायला उभा राहिला. गोळीने न मेलेला हा माणूस. पुढच्या वर्षी जे झालं ते त्या मानाने किती किरकोळ दिसत होतं!

हल्ल्यानंतर तो लंडनला राहत होता. फुटबॉलचं त्याला वेड. मे १९७७ मध्ये पॅरिसला खेळताना उजव्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि नख उचकटलं. त्याच अंगठ्याला पूर्वीही लागलं होतं. पट्टी बांधून तो गायला, नाचला. अंगठा काही बरा होईना. अखेर तपासणी झाली आणि जुलैमध्ये निदान आलं, मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.

डॉक्टरांनी अंगठा काढून टाकायला सांगितला. बॉबने नकार दिला. श्रद्धा आड आली, शिवाय अंगठ्याशिवाय नाचायचं कसं, चेंडू मारायचा कसा, हेही होतंच. मग नख आणि त्याच्या खालचा भाग काढून मांडीची त्वचा तिथे लावण्यात आली. दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द झाले. अंगठा काढला असता तर तो नक्की वाचला असता, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वेळेवर आणि पुरतं काढून टाकणं हाच या आजारावरचा खरा इलाज, तो तेव्हाही होता आणि आजही आहे.

या माणसाच्या आजाराबद्दल दोन गैरसमज अजून फिरतात. एक म्हणजे फुटबॉलच्या मारामुळे कर्करोग झाला. तज्ज्ञ तसं मानत नाहीत. मार लागला म्हणून तिकडे लक्ष गेलं, एवढंच. दुसरा म्हणजे बाप गोरा होता म्हणून त्याला गोऱ्यांचा रोग लागला. हे तर अगदी उलट आहे. मेलानोमा गोऱ्या लोकांत जास्त होतो आणि त्यांच्यात त्याचा उन्हाशी संबंध असतो, हे खरं. सावळ्या आणि काळ्या लोकांत तो क्वचित होतो, हेही खरं. पण आपल्यासारख्यांना जेव्हा होतो, तेव्हा तो बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे ऊनसुद्धा धड पोचत नाही. बॉबला झाला तो नेमका हाच प्रकार.

बचत गटांच्या कामामुळे आरोग्य शिबिरांत माझी ऊठबस असते. त्वचेचे डॉक्टर आले की बायका रांग लावतात ती चेहऱ्याच्या वांगासाठी. वांगाची काळजी किती, आणि त्यात धोका किती? काहीच नाही! दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले सपाट तपकिरी चट्टे, बहुधा बाळंतपणाच्या आगेमागे किंवा उन्हाने गडद झालेले, हे वांग. त्याचा कर्करोग होत नाही. तिशी-चाळिशीनंतर गालावर, मानेवर बारीक बारीक काळे मस येतात, ते बहुधा आईलाही असतात, आजीलाही असतात. तेही निरुपद्रवी. मानेची कातडी मळल्यासारखी काळी आणि मखमली जाड झाली असेल तर घासून ती उजळणार नाही. तिथे वजन आणि रक्तातली साखर तपासायची. जोडव्यांचे, चपलेच्या अंगठ्याचे वळ तर आपल्या सगळ्यांनाच आहेत.

तिळाचं काय? अंगावरचा जवळजवळ प्रत्येक तीळ निरुपद्रवी असतो. साधा तीळ गोल किंवा लांबट गोल, एकाच रंगाचा, कड स्वच्छ, आणि वर्षानुवर्षं आहे तसाच. डॉक्टर बघतात ते असं. तिळाच्या मधून रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या आहेत का? कड फाटक्या कागदासारखी वेडीवाकडी आहे का? एकाच डागात काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे रंग मिसळलेत का? आकार सहा मिलिमीटरहून, म्हणजे साधारण शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाहून मोठा आहे का? आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत सोपी खूण म्हणजे बदल. गेल्या काही महिन्यांत तो वाढला, रंगाने बदलला, खाजू लागला, त्यातून रक्त आलं, तर दाखवायचा. अंगावर वीस तीळ असतील आणि एकच त्या सगळ्यांपेक्षा वेगळा दिसत असेल, तर तोही दाखवायचा. दाखवला म्हणजे कर्करोगच निघेल असं नाही, बहुतेक वेळा निघत नाहीच. तळपायावर साधे तीळही असतात, त्यामुळे तिथे तीळ दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. पण चाळिशीनंतर तळव्यावर नवा काळा डाग आला आणि पसरू लागला, तर तो तीळ समजून बसू नका.

आता नख. कारण बॉबची फसगत तिथे झाली. पाटा पडला, दारात बोट चेमटलं, तर नखाखाली रक्त साकळतं आणि काळं-निळं दिसतं. हे रक्त नखाला चिकटलेलं असतं, त्यामुळे नख वाढेल तसं ते पुढे सरकतं आणि मागे, मुळाशी, स्वच्छ नख दिसू लागतं. डागाच्या मागच्या कडेशी नखावर बारीकशी खूण करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बघा. दोन्ही पुढे गेले, मागे नख कोरं आलं, तर रक्तच. हाताचं नख पूर्ण बदलायला साधारण सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष, तेव्हा धीर हवा. मात्र डाग जागचा हलत नाही, उलट मुळापासून नवा काळेपणा येतोच आहे, तर मग ते मार लागल्याचं नाही.

आपल्या रंगाच्या लोकांत नखांवर उभ्या फिक्कट तपकिरी रेघा असतात. दोन-चार बोटांना असतील, वर्षानुवर्षं तशाच असतील, तर त्यात काही नाही. काही औषधांनी येतात, बी-१२ कमी असल्यानेही येतात. पण वय वाढल्यावर एकाच नखावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी काळी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, किंवा काळा रंग नखाबाहेर आजूबाजूच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथे त्वचारोग विभाग असतो. एका छोट्या भिंगातून ते डाग बघतात, त्याने दुखत नाही की खुपत नाही. शंका राहिली तरच तुकडा काढून तपासायला पाठवतात.

या तुकड्याची बायकांना फार धास्ती. सुई लागली की कर्करोग पसरतो, हे मी इतक्यांदा ऐकलंय! पसरतो तो सुईने नव्हे, दिवस घालवल्याने. खरी भीती वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. चुना आणि सोडा लावून मस जाळणं, वस्तऱ्याने कुरूप खरवडणं, घोड्याच्या केसाने बांधून तीळ पाडणं. वरचा डाग जातो, खालचं तसंच राहतं, आणि तपासायला काही उरत नाही. काढलेला कुठलाही संशयित तीळ तपासणीला गेलाच पाहिजे, हे डॉक्टरांनाही विचारायला लाजू नका. आणि दर वेळी डाग काळाच असेल असंही नाही. तळव्यावरची लालसर, चिघळणारी, महिना उलटून न भरणारी जखम कुरूप म्हणून, मधुमेहाची म्हणून मलमावर काढली जाते. तीही दाखवायला हवी.

नेलपॉलिश आणि मेंदी या दोन्हींखाली नखं महिनोन् महिने झाकलेली राहतात. एक पॉलिश काढलं की दुसरं लावायच्या आधी एकदा नखं उजेडात बघून घ्यावीत. टाचा वजरीने घासतो तेव्हा तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायला कितीसा वेळ लागतो? घरात सासूबाईंना, आईला वाकता येत नसेल तर त्यांच्या पायांना तेल चोळताना आपणच बघायचं. त्यांच्या तळव्यांवर काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

बॉबकडे वळते. शस्त्रक्रियेनंतर त्याला बरं वाटू लागलं. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनच्या शांतता मेळाव्यात त्याने एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन नेत्यांना, पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षाचे एडवर्ड सियागा यांना, व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, तेव्हा त्या सोहळ्यात तो गायला. त्याच उन्हाळ्यात इटलीत मिलानच्या मैदानावर त्याला ऐकायला लाखभर माणसं जमली होती. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस आजारी वाटला नसता. मेलानोमाचा दगाफटका हाच. वरची जखम भरून येते आणि एखादी पेशी रक्तातून, गाठींतून आत जाऊन बसलेली असते. म्हणून पुढे वर्षानुवर्षं तपासण्या लागतात. बॉबचे मात्र दौऱ्यांवर दौरे चालले होते.

२१ सप्टेंबर १९८० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. तपासणीत कळलं की कर्करोग मेंदूपर्यंत गेलाय. तरीही दोनच दिवसांनी पिट्सबर्गमध्ये त्याने ठरलेला कार्यक्रम केला. तो शेवटचा. मग उपचारांत त्याच्या जटाही राहिल्या नाहीत. ज्या श्रद्धेपायी अंगठा ठेवला, तिची सर्वांत ठळक खूण अशी गेली. नोव्हेंबरमध्ये त्याने इथिओपियन ख्रिस्ती चर्चचा बाप्तिस्मा घेतला.

शेवटची आशा म्हणून त्याला जर्मनीत बव्हेरियाला डॉ. इसेल्स यांच्याकडे नेलं. आहारावर आणि आपल्या वेगळ्या पद्धतीवर त्यांचा भर, बाकीच्या वैद्यकाला ती पद्धत मान्य नव्हती. लोक त्यावर नावं ठेवतात. मला नाही ठेववत. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर झाडपाल्यासाठी शंभर मैल जाणारी घरं मी बघितली आहेत. सेडेला पोराजवळ होती. बर्फाळ मुलखात, ६ फेब्रुवारी १९८१ ला त्याचा ३६ वा वाढदिवस झाला. आज अशा रुग्णांसाठी शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं आहेत, २०११ पासून ती वापरात आली. तेव्हा तसलं काही नव्हतं. आजही ती महाग आहेत, आणि तळपाय-नखाच्या मेलानोमावर बाकीच्या प्रकारांपेक्षा कमी चालतात.

मे महिन्यात बव्हेरियाच्या डॉक्टरांनीही हात टेकले. बॉबला मरायला घरी जायचं होतं. जमैकाच्या वाटेवर प्रकृती फारच ढासळली, विमान मायामीला उतरवावं लागलं. तिथल्या रुग्णालयात ११ मे १९८१ ला तो गेला. दहा दिवसांनी किंग्स्टनमध्ये सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. मग शवपेटी डोंगरातल्या वाटेने नाइन माइलला नेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते. सेडेलाने अठराव्या वर्षी जिथे त्याला जन्म दिला, त्याच गावात त्याला त्याच्या गिटारसह ठेवलं. पुढे २००८ पर्यंत ती जगली, मुलामागे सत्तावीस वर्षं.